गाभाऱ्यातली बॅटरी

बॅटरी या विषयात आमच्या घरात मला कुणी काही शिकवू नये. मी बी.एस्सी. आहे, आणि तेही इलेक्ट्रॉनिक्स घेऊन! रिमोटचे सेल दाताने चावून, मग उन्हात ठेवून पुन्हा चालवणाऱ्या या घरात मी सून म्हणून आले, त्या दिवसापासून हे खातं माझ्याकडे आहे. त्यामुळे बिनवायरीची ड्रिल मशीन घरी आली तेव्हा तिची माहितीपुस्तिका मी कुणाला उघडू दिली नाही. स्वतःही उघडली नाही. गरजच काय!

मशीन आली ती जाईमुळे. जाई म्हणजे माझी सव्वा वर्षाची मुलगी. ती नीट चालायला लागायच्या आधी जिना चढायला शिकली. आमच्या वसमतच्या घरात गच्चीवर जाणारा, दोन भिंतींमधला जिना आहे, आणि वर गच्चीला कठडा नाही. म्हणून गेले काही आठवडे माझा कायमचा पत्ता म्हणजे पहिली पायरी. भाजी तिथेच निवडायची, जेवायचं तिथेच. आंघोळीला जायचं तेही पळत, आणि आतून दर तांब्याला ओरडायचं, "जाई कुठंय?"

नवऱ्याने, म्हणजे अपूर्वने, जिन्याला लावायचं लोखंडी गेट मागवायला होकार दिला. त्यातलं सगळ्यांत उंच मी निवडलं. मुलं काय, वाढतच असतात. गेट आलं आणि भिंतीला टेकून उभं राहिलं. ते लावायला बाबूसिंग सुतार येणार होता. कधीही फोन केला तरी तो एकच सांगायचा, "उद्या येतो, ताई."

आणि सोमवारपासून माझी पतसंस्थेतली नोकरी पुन्हा सुरू होणार होती. मागे जाईला सांभाळणार सासूबाई. त्यांच्या गुडघ्यांना जाईच्या मागे धावणं शक्य नव्हतं. गेट लागलं तर मी नोकरीवर जाणार, नाही लागलं तर पहिली पायरी मला सोडणार नव्हती. शनिवार उजाडला. बाबूसिंग म्हणाला, उद्या येतो. मी गेटसोबतच मागवून ठेवलेली मशीन काढली आणि पदर खोचला.

"आई, तुम्ही फक्त जाईला धरा. चहा उकळेपर्यंत चार भोकं पाडते."

चहा उकळला, उतू गेला, सासूबाईंनी गॅस बंद केला. भिंतीवर तूरडाळीचा दाणा बसेल एवढा खड्डा पडला होता.

"अनुश्री, धूर येऊन राहिला गं."

"धूळ आहे ती, आई."

"धुळीला जळका वास येतो का?"

मी आणखी जोर लावला. अंगातला सगळा भार मशीनवर टाकला. मशीन दातदुखी झाल्यासारखी कण्हली आणि गप्प झाली.

"गेली!" सासूबाई म्हणाल्या.

"गेली नाही. बॅटरीच्या आत सर्किट असतं. बॅटरी जास्त तापली किंवा जास्त ताण आला की ते तिला बंद करतं. ती स्वतःला वाचवून राहिलीय."

सासूबाईंनी थोडा विचार केला. "म्हणजे अपूर्वसारखीच म्हण की. काम आलं की आडवं व्हायचं."

मी बॅटरी काढून चार्जरवर लावली. चार्जरचा दिवा एकदा लाल, एकदा हिरवा, असा उघडझाप करायला लागला. आता मात्र पुस्तिका उघडावी लागली. तिच्यात लिहिलं होतं, बॅटरी गरम आहे, थंड झाल्यावर चार्जिंग आपोआप सुरू होईल.

थंड झाल्यावर! वसमतला मे महिन्यात! ज्याने ही पुस्तिका लिहिली तो माणूस बहुतेक स्वेटर घालून बसत असावा. आमच्या घरात त्या दुपारी नळाचं पाणी चहा टाकण्याजोगं येत होतं. मी बॅटरी कूलरसमोर धरली. कूलरने तिच्यावर गरम फुंकर मारली. माठाला टेकवून ठेवली, तर माठच कोमट झाला. शेवटी मी जाईचा थर्मामीटर बॅटरीच्या खाचेत लावला. त्याने आकडा सांगायलाच नकार दिला आणि नुसता किंचाळत राहिला. माझा हात आपोआप पट्ट्या ठेवायच्या फडक्याकडे गेला. बी.एस्सी. आठवलं म्हणून मागे घेतला.

"फ्रीजमध्ये ठेव," सासूबाई म्हणाल्या.

"फ्रीजमध्ये नाही चालत. बाहेर काढल्यावर आत दव धरतं. सर्किट जाईल."

तेवढ्यात सासरे, विष्णुपंत, दुपारच्या नैवेद्याला निघाले. शेजारच्या गल्लीतल्या महादेवाच्या मंदिराची पूजा आमच्या घराकडे आहे. ते सोवळं नेसून, हातात ताम्हन घेऊन उभे होते. मला बॅटरीला वारा घालताना बघून म्हणाले, "एवढी तकलीफ काहून करून राहिलीस? आमचा गाभारा बघ. बाहेर डोक्यावर पापड भाजतात, आणि आत मला उपरणं गुंडाळून बसावं लागतं."

मी थक्क झाले. हाताएवढ्या जाड दगडी भिंती, ऊन नाही, खिडकी नाही! शास्त्राच्या दृष्टीने वसमतमध्ये बॅटरीसाठी याहून चांगली जागा नव्हती.

"पण बाबा, सोवळ्यात चालेल?"

"प्लास्टिकला काय विटाळ," असा निकाल देऊन त्यांनी शुद्धीसाठी पळीभर पाणी घेतलं.

"पाणी नको!!" मी एवढ्या जोरात ओरडले की जाई दचकून खाली बसली. बाबांनी पळी मागे घेतली, बॅटरी ताम्हनात ठेवली आणि तिला घेऊन गेले.

तासाभराने ते परत आले, जेवले, सुपारी चघळत झोपाळ्यावर बसले.

"बाबा, बॅटरी?"

"आहे की गाभाऱ्यात. छान गार पडली असेल."

"आणा ना मग!"

"आता कशी आणू? सोवळं सोडलं, जेवण झालं. आता संध्याकाळी आंघोळ करूनच आत जाणार."

मी सासूबाईंना पहिल्या पायरीवर बसवलं, जाईला त्यांच्या मांडीवर दिलं आणि बॅटरी निदान सुखरूप आहे ना ते बघायला धावत मंदिर गाठलं. चप्पल दाराशी काढली आणि सभामंडपात पाय ठेवला, तर आत गर्दी! दुपारी तिथे नंदीशिवाय कुणी नसतं.

गाभाऱ्यात, पिंडीच्या बाजूला, माझी बॅटरी ताम्हनात बसली होती. बाबांनी सवयीने तिला हळद लावली होती, कुंकू लावलं होतं, वर बेलाचं पान होतं. नवी गाडी घेतली की किल्ली देवापाशी ठेवायची आमच्याकडे पद्धत आहे. बाबांनी स्वतः आणून ठेवलेली वस्तू म्हटल्यावर लोकांनी जास्त चौकशी केली नव्हती. उलट उंबऱ्यावर आणखी वस्तू येऊन बसल्या होत्या. दोन पॉवरबँका होत्या, एक टॉर्च होता, आणि एक भलीमोठी बॅटरी होती.

"ती कुणाची?" मी विचारलं.

"माझी हाय," डोंगरकडा गावाहून आलेले संतराम नावाचे शेतकरी म्हणाले. "फवारणीच्या पंपाची. लई लवकर उतरून राहिली. म्हनलं, पंतांनी जर उपाय काढला आसंल तर आपली बी ठेवावी."

"अहो काका, उपाय नाही. ती माझी बॅटरी आहे. नुसती थंड करायला ठेवलीय!"

"माझी बी गरमच होऊन राहिली ना, ताई. जरा दम धरा, आत्ता तर ठेवली."

तेवढ्यात रोज दुपारी दर्शनाला येणाऱ्या नर्मदाबाई तांब्या घेऊन उंबऱ्याशी पोचल्या. त्यांनी बाहेरूनच हात लांब केला. तांब्याचा नेम पिंडीवर नव्हता.

"पाणी नको!" मी ओरडले. "लिथियम आहे ते! आत पाणी गेलं तर पेट घेईल!"

मंडपात कुणीतरी घंटा वाजवायला वर केलेला हात तसाच ठेवला.

"काय घेईल?" नर्मदाबाईंनी विचारलं.

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी आई आहे, धोका अर्धवट सांगणं मला जमत नाही. मी सर्व सांगितलं. आतला रसायनाचा थर, शॉर्ट सर्किट, धूर, ज्वाळा. सांगून झालं तेव्हा मंडपात मी, नंदी आणि संतराम होतो. संतराम फक्त आपल्या बॅटरीसाठी थांबले होते. तीही त्यांनी काठीने ओढून घेतली.

"पंतांनी हे आत काहून ठिवलं मग?" असं म्हणून तेही गेले. गडबडीत कुणीतरी माझी चप्पल घालून गेलं. शिल्लक होता तो मोठाला पुरुषी बूट, तोही एकच.

सोवळ्याशिवाय गाभाऱ्यात कुणी जात नाही, म्हणून बाबांना झोपेतून उठवून आणलं. मंदिराच्या आडावर त्यांनी गार पाण्याने बादल्याच्या बादल्या अंगावर घेतल्या, ओलेत्याने आत गेले आणि बॅटरी आणून माझ्या हातावर ठेवली. ती खरोखरच गार होती. मी अनवाणी, तापलेल्या रस्त्यावर उड्या मारत घरी पोचले.

चार्जरने तिला ओळखच दाखवली नाही. दिवा लागेना! खाचेतल्या पितळी पट्ट्यांत हळद बसली होती. वसमतची हळद, ती काय अशी सुटते! जाईच्या दातांचा मऊ ब्रश घेऊन मी एकेक पट्टी घासली. अखेर दिवा लाल झाला, आणि लालच राहिला.

"अनुश्री," पायरीवरून सासूबाई म्हणाल्या. मी गेल्यापासून त्या तिथेच होत्या, आणि करमणुकीला त्यांच्याजवळ फक्त जाई आणि ड्रिल मशीन होती. "या बटणावरचा बाण मागच्या बाजूला काहून दाखवून राहिलाय?"

मी बघितलं. बाण मागच्याच बाजूला होता. म्हणजे सकाळपासून मशीन उलटी फिरत होती. मी भिंतीला भोक पाडत नव्हते, भिंत घासत होते.

"असतो तसा," मी म्हणाले आणि गुपचूप बटण सरकवलं.

संध्याकाळी चहा उकळायच्या आत चारही भोकं पडली. गेट लागलं. अपूर्वने हलवून बघितलं आणि म्हणाला, "मजबूत आहे." जाईने गजाला धरून रडून बघितलं. गेट हललं नाही. मी त्या रात्री पाय पसरून जेवले.

गोष्ट इथे संपली असती. पण रविवारी मला वाटलं, स्क्रू आणखी थोडे आवळावेत. अपूर्वला मजबूत वाटतं म्हणजे मजबूत असेलच असं नाही. मी मशीनने आवळले. पुन्हा आवळले. बॅटरी तापली ती रात्रभर कोमटच राहिली, म्हणून काळजीपोटी मीच ती सोमवारी पहाटे बाबांच्या ताम्हनात ठेवली.

सकाळी अपूर्व हिंगोलीच्या गाडीने गेला. मी पतसंस्थेत जायची साडी नेसून, वाळलेले कपडे आणायला गच्चीवर गेले. जाताना गेट मागे ओढून घेतलं. खट् असा छान आवाज आला. परत आले तर गेट उघडेना. आवळून आवळून चौकट वाकली होती आणि कडी आत अडकून बसली होती. सासूबाईंनी बाहेरून ओढून बघितलं, पान्याने ठोकून बघितलं. पेचकस नुसता घसरत होता. उंची तर माझ्या छातीएवढी. मुलं वाढतात ना!

"बाबा, बॅटरी कुठंय?"

"गाभाऱ्यात," झोपाळ्यावरून आवाज आला.

"आणा ना! मला स्क्रू काढायचेत."

"आत्ताच पोहे झाले. आणि परवा तुझ्यापायी भर दुपारी आडावर आंघोळ केली, तेव्हापासून शिंकून राहिलो. आता संध्याकाळी."

सासूबाईंनी बाबूसिंगला फोन केला. तो उद्या येणार आहे.

तर हे सगळं लिहायला मला वेळ कुठून मिळाला, असं तुम्ही विचाराल. मी पहिल्या पायरीवर बसलेय. गेटच्या आतल्या बाजूने. जाई घरभर मोकळी हिंडतेय, आणि अधूनमधून येऊन गजांमधून मला बिस्कीट भरवतेय. मशीन माझ्या मांडीवर तयार आहे. बाण मात्र आता उलटा करून ठेवलाय. या वेळी तो तसाच हवा आहे.