पडदे का बदलले

कामावरून घरी आलेले सर्व्हेअरसाहेब दारातच थबकले. आपण चुकून वरच्या मजल्यावर चढलो की काय, असं त्यांना वाटलं. खिडकीला पिवळेधमक पडदे लागले होते. लग्नापासून उजव्या भिंतीला टेकलेला सोफा डाव्या भिंतीला गेला होता. त्याच्यावर पोपटी उशा होत्या, खाली नवा गालिचा होता, बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर फुलाफुलांचं चित्र लटकत होतं आणि पुस्तकांचं जडशीळ कपाट जुनी जागा सोडून खिडकीच्या कोपऱ्यात जाऊन उभं होतं.

"हे काय?"

"वसंत आलाय," बायको म्हणाली. "समोरच्या झाडालाही पालवी फुटली. म्हटलं, आपलंही घर जरा ताजंतवानं करावं."

साहेब "हं" म्हणाले आणि बूट काढता काढता भिंती न्याहाळू लागले. ते विम्याचे सर्व्हेअर होते. कुणाचं दुकान जळलं, कुणाचं गोदाम भिजलं, की तिथे जाऊन खरं काय घडलं ते शोधून काढायचं, यात त्यांचा जन्म गेला होता. जिथे ताजा रंग दिसतो तिथे त्याच्या खाली काहीतरी असतंच, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. झाडाला पालवी फुटते ते ठीक. सोफ्याला पालवी फुटत नाही. तो हलतो तेव्हा त्याला कुणीतरी हलवलेलं असतं, आणि हलवणाऱ्याला काहीतरी झाकायचं असतं.

पण विचारायची सोय नव्हती. मागे एकदा घरात नवा टेबलक्लॉथ आला, तेव्हा साहेबांनी पाहुण्यांसमोर तो उचलला होता. खाली इस्त्रीचा डाग सापडला. तेवढ्यावर थांबतील तर ते साहेब कसले. त्यांनी खिशातून टेप काढून डागाची लांबी-रुंदी घेतली आणि फोटोही काढले. पाहुण्यांमध्ये बायकोची थोरली बहीण, म्हणजे ताईही होत्या. त्या गेल्यावर बायको शांतपणे म्हणाली होती, "या घरात पुन्हा पंचनामा झाला, तर मी ताईकडे राहायला जाईन. न्यायला आलात तरी येणार नाही." ती चिडून बोलली असती तर साहेबांना एवढी भीती वाटली नसती. शांतपणे बोलली, म्हणून ते खरोखर घाबरले. बायकोशिवाय या घरात त्यांना एक दिवसही करमायचं नाही. हे त्यांनी तिला कधी सांगितलं नव्हतं, पण करमायचं नाही.

रविवारी दुपारी ताईंना स्टँडवरून आणायला बायको निघाली. नवी खोली बघायला ताई मुद्दाम येत होत्या.

"तुम्ही काय कराल तोवर?" तिने दारातून विचारलं.

"पडतो जरा."

"पडा. उठू नका."

'उठू नका' हे दोन शब्द साहेबांच्या डोक्यात खिळ्यासारखे बसले. बायको जिना उतरली तशी ते उठले.

गालिचा उचलला. खाली फरशी धडधाकट. सोफ्यामागे पाहिलं, उशांची कव्हरं काढून पाहिली, पडद्यांचे काठ उलटून पाहिले. काही नाही. कपाटाकडे त्यांनी एक नजर टाकली आणि सोडून दिलं. लपवणारा माणूस नेहमी हलकी वस्तू वापरतो, हा त्यांचा अनुभव होता. एवढं कपाट बायकोला एकटीला सरकायचं नाही. सकाळी नवीकोरी टूथपेस्ट संपत आलेली दिसली होती, पण ते प्रकरण वेगळं म्हणून त्यांनी बाजूला ठेवलं.

राहता राहिलं चित्र. साहेबांनी ते अलगद उतरवलं. मागे भिंत लख्ख होती, ओल नाही, तडा नाही. भिंतीचा हा निरागसपणा साहेबांना अजिबात आवडला नाही. त्यांनी तिला टकटक केलं, कान लावला, आणि अखेर नाइलाजाने चित्र पुन्हा अडकवायला गेले. तेवढ्यात खिळाच मुठीएवढा गिलावा घेऊन खाली आला.

यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. वीतभर बाजूला खिळा ठोकला की चित्राखाली सगळं झाकलं जाणार होतं. साहेबांनी हातोडी आणली. दोन ठोके नीट बसले. तिसऱ्या ठोक्याला भिंतीने त्यांच्या चष्म्यावर पाणी मारलं.

पाणी कुठून कुठे झिरपतं हे साहेबांना उत्तम कळत होतं. ते बंद कुठे करायचं हे मात्र कधी कळून घ्यावं लागलं नव्हतं. त्यांनी अंगठा लावला, मग पोपटी उशी दाबली, मग उशीला टेकवून खुर्ची लावली आणि खाली राहणाऱ्या प्लंबरकडे धावत सुटले.

प्लंबरने येऊन बाथरूममधली तोटी फिरवली आणि भिंतीसमोर उभा राहून विचारलं, "साहेब, पाइपातच का ठोकला?"

"तू दुरुस्त कर बाबा. बायको यायच्या आत."

"फोडावं लागेल."

"किती?"

"बघू," असं म्हणून त्याने छिन्नी लावली, आणि बघता बघता खिळ्यापासून जमिनीपर्यंत भिंत उघडी केली. पाइप जोडून झाला. त्या खिंडारावर चित्र धरून पाहिलं, तर अर्धं खिंडार खालून डोकावत राहिलं. "हे आता लिंपायचं," प्लंबर म्हणाला.

"आज नको. उद्या ये, ती घरी नसताना. आत्ता मला फक्त ते कपाट इथे सरकवून दे."

"परत?"

"परत म्हणजे?"

"काही नाही. जड आहे, म्हटलं."

साहेबांना एरवी या उत्तराचा वास आला असता, पण त्या क्षणी त्यांच्या पायजम्यातून पाणी गळत होतं. दोघांनी पुस्तकं काढली, कपाट रेटत खिंडारासमोर आणलं, पुस्तकं पुन्हा भरली. प्लंबर छताकडे बघत हत्यारं गोळा करून निघून गेला. साहेबांनी ओला गालिचा गॅलरीच्या कठड्यावर टाकला, उशी पिळून सोफ्यावर ठेवली, पडदे ओढून घेतले, फरशी पुसली आणि सुटलो म्हणून मागे वळले.

कपाट हटवलेल्या कोपऱ्यात, बरोबर छातीच्या उंचीवर, भिंतीला एक भोक होतं. चांगलं बशीएवढं. त्यात काहीतरी पांढरंशुभ्र भरून वरून चमच्याने सारखं केलेलं होतं. साहेबांनी नखाने खरवडलं, वास घेतला. पुदिना.

साहेबांना अतोनात आनंद झाला. सगळं उलगडलं. बायकोने चित्र आधी इथे लावायचा प्रयत्न केला होता. भिंत फुटली, टूथपेस्ट संपली, कपाट आलं, आणि एकट्या कपाटाचा संशय यायला नको म्हणून वसंत आला. त्यांचा हात आपोआप टेपकडे गेला. लांबी घेतली, रुंदी घेतली, फोटोसाठी फोन काढला आणि तसाच खिशात परत ठेवला. हे भोक सापडलं कसं, असं तिने विचारलं तर? कपाट का हलवलंत, असं विचारलं तर? आयुष्यातला सगळ्यात भक्कम पुरावा हाती लागला होता आणि तो कुणालाही दाखवता येणार नव्हता. कपाट मागे न्यावं तर आपलं खिंडार उघडं, इथेच ठेवावं तर तिचं भोक उघडं. साहेब दोन भिंतींच्या मध्ये उभे राहिले. आणि ताईंसमोर तिची फजिती झाली तर ती टेबलक्लॉथपेक्षा मोठी होईल, हेही त्यांना दिसलं. खिंडार काय, कबूल करता येईल. कपाट जागेवर न्यावं असं त्यांनी ठरवलंही. त्यांनी वरच्या कप्प्यातून चार पुस्तकं काढली आणि दारात किल्ली फिरली.

"अगंबाई," ताई आत येत म्हणाल्या, "केवढं मोकळं वाटतंय."

बायको दारातच थांबली. तिने आधी कपाटाकडे पाहिलं, मग कोपऱ्याकडे, मग साहेबांच्या पायजम्याकडे. मग ती पर्ससकट चालत गेली आणि भोकाला पाठ लावून उभी राहिली. साहेब कपाटाला पाठ लावून उभे होतेच.

"कपाट हलवलंत वाटतं," ती म्हणाली.

"वसंत आलाय," साहेब म्हणाले. "म्हटलं, जरा ताजंतवानं करावं."

"छान केलंत."

"तूही छान केलं होतंस."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ती पुढे काही विचारत नव्हती. का विचारत नव्हती हे साहेबांना कळत होतं, आणि त्यांना कळतंय हे तिला. तिच्या ओठांचा कोपरा किंचित हलला, तेव्हा ती ताईंकडे जाणार नाही हे साहेबांनी ओळखलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

"बसा की दोघं," ताई सोफ्यावर टेकत म्हणाल्या. "असे भिंतींना चिकटून का उभे आहात?"

"बरं वाटतं," साहेब म्हणाले.

"थंड लागते भिंत," बायको म्हणाली.

"खरं सांगू? ते कपाट पलीकडच्या कोपऱ्यात जास्त शोभेल."

"नको," दोघं एकदम म्हणाले.

ताईंनी मान तिरकी केली. तेवढ्यात उघड्या दारातून प्लंबर आत आला. त्याच्या हातात कालवलेल्या सिमेंटचं घमेलं होतं.

"साहेब, वरच्या मजल्यावरच्या कामातलं उरलं होतं," तो म्हणाला. "उद्यापर्यंत दगड होईल. म्हटलं, तुमचं आणि वहिनींचं, दोन्ही एकाच घमेल्यात होऊन जाईल."

"दोन्ही काय?" ताईंनी विचारलं.

"मी चहा ठेवते," बायको म्हणाली, पण भिंत सोडून हलली नाही. साहेबांनी हातातलं एक पुस्तक उघडलं आणि ते वाचत असल्यासारखे उभे राहिले.

ताई सोफ्यावरून उठल्या. त्यांनी एक उशी दाबून पाहिली. ती ओली लागली. मग त्या खिडकीशी गेल्या आणि तो नवा पिवळा पडदा दोन बोटांनी बाजूला करून, मागे काय आहे ते पाहू लागल्या.