कमानीचा रस्ता

एरास्मो सेलेदोनला बंदराची सात नंबरची पाटी, म्हणजे बोटीवरच्या पाहुण्यांना फिरवायचा परवाना, मिळाली, तेव्हा ती मिनीबसच्या काचेवर लावून तो दोन दिवस उगाचच गावातून फेऱ्या मारत होता. चार वर्षं वाट पाहिली होती बिचाऱ्याने. तोवर त्याच्या गाडीतून कच्ची केळी, कोंबड्या आणि सणासुदीला एखादं डुक्कर जायचं, आणि त्यांतल्या कोणी कधी तक्रार केली नव्हती. पण बोटीवरच्या पाहुण्यांना परत जाताना एकेक चिठ्ठी देतात, आणि तिच्यावर ते मनाला येईल ते लिहितात. चालकांच्या संघटनेच्या अध्यक्षा क्रिसांता मावशींनी त्याला बजावून ठेवलं होतं, की पहिल्या फेरीत एक जरी तक्रार आली किंवा एक जरी माणूस मागे राहिला, तर पाटी परत घेणार आणि तू पुन्हा केळी वाहायला मोकळा.

मोसमातली पहिली बोट गुरुवारी आली. ती खोल पाण्यात उभी राहिली आणि लहान होड्यांनी माणसं धक्क्यावर आणून सोडली. एरास्मोच्या वाट्याला बारा जण आले. त्यांना बघायची होती समुद्रातली दगडी कमान, जिचं चित्र बोटीवर वाटलेल्या कागदावर छापलं होतं. परतीची शेवटची होडी साडेतीनला होती. दुभाषी म्हणून एरास्मोने आपल्या वहिनीला, वेर्नाला, बरोबर घेतलं. ती पलीकडच्या किनाऱ्यावरची, ब्लूफील्ड्सची, त्यामुळे इंग्रजी तिची घरचीच भाषा. लग्न होऊन आमच्यात आली त्याला एकोणीस वर्षं झाली, तरी आमच्या रीती ती अजून पाहुणीसारखी टकमका बघते.

"भाऊजी, कमान पाहिलीय ना तुम्ही?" गाडीत बसता बसता तिने विचारलं.

"शाळेत असताना. सहल गेली होती."

"नंतर नाही?"

"नंतर कशाला? कमान ती कमान."

किनाऱ्याच्या रस्त्याने पाच-सहा किलोमीटर गेल्यावर रस्त्यात झाडाच्या फांद्या आडव्या टाकलेल्या दिसल्या. पुढचा पूल ऑक्टोबरच्या पावसात वाहून गेला होता. म्हणजे आता डोंगरावरच्या मातीच्या रस्त्याने फिरून जायचं, आणि तो रस्ता एरास्मोला धड माहीत नव्हता. पण त्याला त्याची फिकीर वाटली नाही. विचारत विचारत जाता येतं.

आता विचारत जाण्याचं असं आहे, की आमच्या देशात रस्त्यांना नावं ठेवायच्या भानगडीत कोणी पडलेलं नाही. एखादं ठळक ठिकाण सांगायचं आणि तिथून इतके वार वर किंवा खाली म्हणायचं. वर म्हणजे सूर्य उगवतो ती बाजू, मग रस्त्याला उतार का असेना. आणि ते ठळक ठिकाण आज जागेवर असलंच पाहिजे असं काही नाही. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नाही.

घाट संपला तिथे एक पन्नाशीची बाई मक्याच्या भाकरीत, टोर्टियात, चीज आणि कांदा गुंडाळून विकत होती. एरास्मोने तिला कमानीचा रस्ता विचारला. ती म्हणाली, सावरीचं झाड होतं तिथपर्यंत सरळ जा, मग जिथे वखार होती तिथे वळ, आणि न्यायाधीशांचं घर होतं तिथून पाचशे वार खाली. एरास्मोने मान डोलावली आणि गाडी सुरू केली. मागे वेर्नाने हे सगळं जसंच्या तसं इंग्रजीत सांगून टाकलं.

बारा जणांत हॅल्वर्सन नावाचे एक उंच म्हातारे होते. कॅनडातल्या कुठल्याशा बर्फाळ मुलखात त्यांनी अडतीस वर्षं पोस्टमनकी केली होती. तोवर ते खिडकीतून मुकाट्याने बाहेर बघत बसले होते. आता ते पुढे सरकून बसले आणि वेर्नाला काहीतरी विचारू लागले.

"हे विचारतायत," वेर्ना म्हणाली, "की झाड आता नाहीच, तर तिथे पोचलो हे कळणार कसं?"

"झाड दिसलं नाही की समजायचं पोचलो," एरास्मो म्हणाला.

वेर्नाने तेही सांगितलं. गाडीत एकदम कुजबुज झाली आणि बाराच्या बारा जण बाहेर बघू लागले.

सावरीचं झाड नव्हतं त्या जागी एलेउतेरियो नावाचे एक आजोबा खोक्यावर बसले होते. एरास्मो वखारीचं विचारायला उतरला, तर मागून सगळी वरात खाली उतरली. झाड केवढं होतं, असं एका बाईंनी विचारायचा अवकाश, की आजोबा काठी घेऊन उठले आणि रिकाम्या जमिनीवर बुंध्याचा घेर आखत चालू लागले. मुळं कुठवर आली होती, सावली दुपारी कोणाच्या अंगणात पडायची, वीज कुठल्या बाजूने पडली, सगळं त्यांनी चालून दाखवलं. पाहुणे त्या रेघेच्या बाहेरून चालले. आत पाय टाकायचं कोणाला धाडस झालं नाही. मोकळ्या हवेचे फोटो निघाले. एरास्मो घड्याळ बघत गाडीला टेकून उभा होता.

हॅल्वर्सनसाहेबांचा प्रश्न मात्र वेगळाच होता. अशा पत्त्यांवर पत्रं पोचतात तरी कशी?

"पोस्टमन इथलाच असतो ना," आजोबा म्हणाले. "काय काय गेलंय ते त्याला सगळं पाठ असतं."

हे ऐकून हॅल्वर्सनसाहेबांनी खिशातून वही काढली. कितीतरी वेळ ते लिहीतच होते.

वखारीपाशी घोटाळा झाला. आमच्याकडे वखारी दोन होत्या. एक जळाली आणि एक विकली गेली. जळालेली एरास्मोच्या जन्माआधीची, म्हणून त्याने विकलेलीपाशी गाडी वळवली. पण सांगणारी बाई पन्नाशीची होती हे तो विसरला. रस्ता अरुंद होत होत एका गोठ्यात जाऊन संपला. गोठ्याच्या मालकाने सांगितलं की वखार म्हणजे जळालेलीच, आणि इथे कोणीही तेच सांगेल. त्यावर त्याची बायको आतून बाहेर आली. ती म्हणाली, वखार म्हणजे विकलेली, कारण ह्या माणसाने मला पहिल्यांदा तिथेच पाहिलं होतं. नवरा म्हणाला, जळालेलीच्या दारात पाहिलं. बायको म्हणाली, जळालेलीच्या दारात तू कोणाला पाहिलंस ते एकदा सांगच.

वेर्ना एकही शब्द गाळत नव्हती. एरास्मो तिला दबक्या आवाजात म्हणाला, "वहिनी, हे तरी सांगू नका."

"विचारतायत तर सांगायला नको?"

पाहुण्यांत दोन तट पडले. आठ जण बायकोच्या बाजूने होते. घड्याळात पाऊण वाजून गेला होता, आणि अजून न्यायाधीशांचं घर नसायचं बाकीच होतं. पाटी गेल्यावर काचेवर तिचा डाग किती दिवस राहील, असं काहीतरी त्याच्या मनात येऊ लागलं. शेवटी त्याने एकेकाला हात धरून गाडीत बसवलं आणि जळालेल्या वखारीवरून वळून, आणखी तिघांना विचारून, पावणेदोनला तो समुद्राशी पोचला.

समुद्र होता. दोन्ही बाजूंना काळ्या दगडाचे दोन सुळके होते. मध्ये पाण्यात मोठमोठे दगड पडले होते आणि त्यांच्यावर पेलिकन बसले होते. एरास्मोने खिशातून तो छापील कागद काढला, समोर धरला, आणि कागदाच्या वरून बघितलं. दोन सुळके जुळत होते. वरचं काही जुळत नव्हतं.

किनाऱ्यावर तोमासा नावाची कोळीण मासे भाजत होती. एरास्मो तिच्याकडे धावला.

"मावशी, कमान कुठेय?"

"ही काय. पडली. तीन आठवडे झाले. मोठ्या लाटा आल्या होत्या त्या रात्री."

"अहो, मी वाटेत सहा जणांना विचारलं. एकानेही सांगितलं नाही."

"काय विचारलंस?"

"कमानीचा रस्ता."

"मग रस्ता सांगितला ना त्यांनी? आलास की नीट."

एरास्मो वाळूवर बसला. आधी त्याला त्या सहाही जणांचा राग आला, मग शाळेनंतर एकदाही इकडे न फिरकलेल्या स्वतःचा. वेर्ना त्याच्याजवळ येऊन उभी राहिली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच ती, काय सांगू, असं आपणहून विचारत होती. पूर आला होता, इथे यायला बंदी आहे, कमान पुढच्या खाडीत आहे, काहीही सांगता आलं असतं.

"सांगा, इथे होती म्हणून," एरास्मो म्हणाला. "दुसरं काय सांगणार?"

वेर्नाने सांगितलं. मग हॅल्वर्सनसाहेब पाण्याच्या कडेपर्यंत गेले, टोपी काढली, आणि तोमासाला विचारलं की उंच किती होती.

तोमासाने आधी हाताने दाखवून पाहिलं. मग माशांवरचं लक्ष उडालं आणि तिने नवऱ्याला हाक मारली. नवरा जाळ्याचा दोर घेऊन एका सुळक्यावर चढला, ही दुसऱ्यावर चढली, आणि दोघांनी दोर सैल सोडून उलटी कमान करून दाखवली. पाहुणे मान वाकडी करून तिला सुलटी बघू लागले. ऊन डिसेंबरात कुठून यायचं, भरतीला आवाज कसा व्हायचा, तोमासाचा थोरला मुलगा तिच्याखाली कसा पोहायला शिकला, सगळं विचारून झालं. मासे करपले, तरी एका बाईंनी ते खाल्ले. अडीच वाजता एरास्मोने गाडीचा भोंगा वाजवला, तेव्हा कोणी हलायला तयार नव्हतं.

येताना रस्ता पाठ झाला होता. तीन वाजून वीस मिनिटांनी बारा जण धक्क्यावर होते, चिठ्ठ्या लिहून होडीत बसले आणि गेले. क्रिसांता मावशी छत्रीखाली टेबल टाकून बसल्या होत्या. त्यांनी चिठ्ठ्या वेर्नाच्या हातात दिल्या. अकरा जणांनी फार छान, फार आवडलं असं लिहिलं होतं. बारावी वाचताना वेर्ना अडखळली.

"वाच," मावशी म्हणाल्या.

"हॅल्वर्सनसाहेबांची तक्रार आहे. कमानीपाशी वेळ फार कमी मिळाला म्हणतायत. निदान दोन तास हवे होते."

एरास्मो निमूटपणे पाटी काढायला गाडीकडे वळला. मावशींनी त्याला थांबवलं.

"एरवी लोक तिथून दहा मिनिटांत परत फिरतात. फोटो काढतात आणि संडास कुठेय विचारतात. आज असं काय केलंस तू तिथे?"

"काही नाही मावशी. कमान पडलीय."

"पडली?"

"तीन आठवडे झाले."

मावशींनी चिठ्ठी हातात घेतली आणि येत नसलेल्या भाषेतली अक्षरं वरपासून खालपर्यंत बघितली. सव्वीस वर्षं त्यांनी ह्याच टेबलावरून कमानीकडे गाड्या सोडल्या होत्या.

"मी कधी पाहिलीच नाही रे," त्या म्हणाल्या. "म्हटलं, जाते कुठे पळून."

त्यांनी छत्री मिटली, टेबल शेजारच्या दुकानात ढकललं, आणि एरास्मोच्या शेजारच्या सीटवर येऊन बसल्या.

"पाटी राहू दे काचेवर," त्या म्हणाल्या. "चल, उजेड आहे तोवर. कुठे होती ते तरी दाखव."