उतेकर आफ्रिकेला निघतात

“तुम्ही घोरता का?”

उतेकरांनी मला हे विचारलं ते एका शोकसभेत. आमच्या शाळेचे जुने मुख्याध्यापक गेले होते. फोटोला हार घातलेला, दोन मिनिटांची स्तब्धता चाललेली, आणि माझ्या शेजारी उभे असलेले उतेकर मिटल्या डोळ्यांनी माझ्या कानाशी म्हणाले, “सर, तुम्ही घोरता का?” मी मानेनंच नाही म्हटलं. त्यांनी एक मोठा सुस्कारा सोडला. मागच्या रांगेतल्यांना वाटलं, मुख्याध्यापकांवर यांचा फार जीव होता.

त्या दोन महिन्यांत हा प्रश्न त्यांनी निम्म्या महाडला विचारला असेल. शिंप्याला माप देता देता विचारला. निवृत्त तलाठ्यांना भर बाजारात विचारला. सत्यनारायण सांगायला आलेल्या गुरुजींना तिसऱ्या आणि चौथ्या अध्यायाच्या मध्ये विचारला. सगळे एकजात नाही म्हणाले. साठीच्या आसपासचा कुठला पुरुष हे चारचौघांत कबूल करतो? उतेकर “बरं” म्हणायचे आणि पुढच्या माणसाकडे वळायचे.

काशिनाथ उतेकर आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहतात. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीत त्यांचा जन्म. नोकरी पशुसंवर्धन खात्यात, पशुधन पर्यवेक्षकाची. म्हणजे गुरांना लस टोचणं, अडलेली म्हैस सोडवणं, आणि मेलेल्या जनावराचा पंचनामा. लोक त्यांना डॉक्टर म्हणतात आणि ते प्रत्येक वेळी “मी डॉक्टर नाय” अशी दुरुस्ती करतात. चाळीस वर्षांत ही दुरुस्ती कोणी मनावर घेतलेली नाही.

निवृत्त झाले तरी त्यांच्या बोलण्यातला पंचनामा काही गेला नाही. एकदा आमच्याकडे आमटी चाखून ते माझ्या बायकोला म्हणाले, “वहिनी, पाहणी केली असता मीठ कमी आढळलं.” सुनंदा दोन दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती. त्यांचा दुसरा आवडता शब्द म्हणजे ‘जागेवर’. कुठलीही गोष्ट ऐकून त्यांचं समाधान होत नाही. नळाला पाणी आलं म्हटलं तर म्हणतील, “जागेवर बघायला लागतं.” आणि जाऊन बघतील.

तर हे उतेकर एके दिवशी, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, म्हणाले की मी आफ्रिकेला जाणार.

“कशाला?” मी विचारलं.

“वाघ बघायला.”

“आफ्रिकेत वाघ नसतात.”

“बिबट्या असतो ना? आमच्याकडं त्यालाच वाघ म्हणतात.” मग म्हणाले, “सर, नोकरीत मी किती पंचनामे केले त्याला गणती नाय. शेळी, वासरू, कुत्रं. वाघानं मारलं की वर्दी यायची. दोन तास डोंगर चढून जायचो. मानेवरचे दात मोजायचे, ओढत नेल्याची खूण बघायची, कागद लिहायचा. वाघ गेलेला असायचा. त्यानं खाऊन उरलेलं मी बघितलं, त्याला नाय बघितलं. एकदा तरी जागेवर बघितला पायजे.”

गेल्या फेब्रुवारीत आम्ही दोघे आफ्रिकेला जाऊन आलो. तिथलं काही मी सांगणार नाही. तिथले फोटो हल्ली सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असतात. सांगायचं आहे ते तयारीचं.

आफ्रिकेत ऊन फार, असं कोणीतरी त्यांना सांगितलं. झालं, अंगाला उष्णतेची सवय व्हावी म्हणून हे आठवड्यातून दोनदा जवळच्या सव गावातल्या गरम पाण्याच्या कुंडात जाऊन बसू लागले. महिनाभर बसले. अंगावर पुरळ उठलं. मग प्रवासी कंपनीच्या मुलीनं फोनवर सांगितलं, “काका, तिकडे सकाळी चांगली थंडी असते, स्वेटर घ्या.” त्यावर ते चिडले नाहीत. त्यांनी वहीत तशी नोंद केली आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळची पहिली गाडी धरून शिवथरच्या दरीत गारठ्यात बसायला जाऊ लागले. पुरळ गेलं, सर्दी झाली.

जंगलात जीपमधून सहा-सहा तास खाली उतरू देत नाहीत, हे कळल्यावर ते खरे गंभीर झाले. त्या वयात सहा तास म्हणजे चेष्टा नाही. बिरवाडीला त्यांच्या भाच्याचं गॅरेज आहे. तिथे इंजिन उतरवलेली एक जीप महिनोन्‌महिने उभी होती. उतेकर खाकी कपडे, खाकी टोपी आणि गळ्यात दुर्बीण अशा थाटात रोज त्या जीपमध्ये जाऊन बसायचे. मी एकदा बघायला गेलो. कारखान्यातली पाळी सुटली होती. डबे घेतलेले कामगार जीपभोवती उभे होते.

“काय बघताय काका?”

“काय नाय. सराव चाललाय.”

“चहा आणू?”

“नको!” उतेकर जवळजवळ ओरडलेच. चहाचं नाव काढलं तरी त्यांना धोका वाटायचा. पहिल्या दिवशी ते दीड तास टिकले. डिसेंबरअखेर पाच तासांवर आले, तेव्हा गॅरेजमधल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मोबाइलवरून ते तिथली भाषाही शिकत होते. चार-पाच शब्द आले असतील. ‘आसांते’ म्हणजे आभारी आहे. हा शब्द त्यांनी बाजारातल्या भाजीवालीवर वापरला. तिनं मेथीची जुडी पिशवीत टाकली आणि उतेकर वाकून म्हणाले, “आसांते.”

“असं ते कसं?” ती उसळली. “आज सकालची भाजी हाय! असं ते म्हणं!”

हे सगळं ठीक होतं. अडलं होतं जोडीदारापाशी. एका तंबूत दोघे, असा कंपनीचा नियम, आणि उतेकर एकटे. त्यांची पत्नी विमलताई तीन वर्षांपूर्वी गेल्या. मूलबाळ नाही. म्हणून ते जोडीदार शोधत होते आणि घोरणारा माणूस टाळण्यासाठी आधीच खात्री करून घेत होते, असा माझा समज होता. माझाच काय, सगळ्यांचाच होता. म्हणून तर सगळे नाही म्हणत होते.

एका संध्याकाळी त्यांनी आमच्याकडे हा विषय पुन्हा काढला. मी नेहमीसारखं नाही म्हणणार, तोच सुनंदा स्वयंपाकघरातून म्हणाली, “खोटं सांगतात हे! असे घोरतात की शोकेसमधल्या बशा वाजतात.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण उतेकरांचा चेहरा असा उजळला की मी बघतच राहिलो.

“मग चला की सर आफ्रिकेला!”

“अहो, पण मी घोरतो.”

“तेच तर पायजे,” ते म्हणाले. मग त्यांना संकोच वाटला. टोपी काढून ती मांडीवर फिरवत बसले. “विमल घोरायची. चौतीस वर्षं. मी तिला लई बोललो त्याच्यावरून. आता घर गप असतं. माझा पंखा खडखडतो, तो मी दुरुस्त करू देत नाय. त्याच्या आवाजावर कशीबशी झोप लागते. तिकडं तंबूत पंखा नसतो म्हणे.”

सुनंदा हात पुसत दारात आली होती. तीच म्हणाली, “हे येतील.”

नंतर कंपनीच्या मुलीशी बोलताना मला कळलं की तिनं त्यांना पहिल्याच दिवशी वेगळा तंबू देऊ केला होता. त्यांनीच तो नाकारला होता.

मग माझा पासपोर्ट झाला. दोघे मुंबईला जाऊन पीतज्वराची लस घेऊन आलो. तालुक्यातल्या एकूण एक गुराला सुई टोचलेला हा माणूस स्वतःची पाळी आल्यावर पांढराफटक पडला आणि नर्ससमोर माझा हात घट्ट धरून बसला. “उलटून मारायला शिंगं नसली की असं होतं,” असं त्यांनी परतीच्या वाटेवर स्पष्टीकरण दिलं.

निघायला तीन आठवडे होते. जानेवारीतला रविवार. सकाळी उतेकरांनी आमचं दार वाजवलं. पायात चप्पल नव्हती.

“सर, गाडी काढता? वाडीवरनं फोन आलाय. विहिरीत वाघ पडलाय. जित्ता हाय.”

तासाभरात आम्ही वाडीवर पोहोचलो. विहीर गावाखालच्या शेतात होती, कठडा नसलेली. पाणी तळाला गेलेलं. तिथे दीडदोनशे माणसं जमली होती. शेजारच्या वाड्यांतून माणसं आली होती, खाली पोलादपूरहून मोटारसायकलींवर पोरं आली होती. सगळे विहिरीच्या काठावर ओणवे होऊन मोबाइल धरून बघत होते. कोणी शिट्ट्या मारत होतं, कोणी वर तोंड करावं म्हणून खडे टाकत होतं. वनखात्याची दोनच माणसं तोवर पोहोचली होती. शिडी आणि जाळी मागून येत होती. त्या दोघांचे घसे ओरडून ओरडून बसले होते.

मी गर्दीतून वाट काढत काठावर गेलो. खाली एका दगडी पायरीच्या तुकड्यावर बिबट्या अंग चोरून बसला होता. भिजलेला, थरथरत. तोंड त्यानं भिंतीच्या कपारीत खुपसलं होतं.

“उतेकर!” मी मागे हाक मारली. “या, इथून दिसतोय!”

उतेकर दहा पावलांवर उभे होते. त्यांनी आधी गर्दीकडे बघितलं. मग मला विचारलं, “कसा बसलाय?”

“भिंतीकडे तोंड करून.”

मग ते पुढे आले, पण विहिरीकडे नाही. काठावर पोहोचताच विहिरीकडे पाठ करून माणसांसमोर उभे राहिले आणि दोन्ही हात पसरले.

“चला, मागं व्हा.”

“डॉक्टर, थांबा ना, एक फोटो—”

“मी डॉक्टर नाय. मागं हो. ए दगड्या, तुझ्या बापाची म्हैस मी सोडवलीय, मागं हो. पारूबाय, तू गो कशाला हितं? पोराला घेऊन घरी जा.”

ते ओरडत नव्हते. एकेकाला नावानं सांगत होते. वाडीतली माणसं आधी हलली, मग त्यांच्यामागे बाकीची. पोलादपूरची पोरं हुज्जत घालू लागली तेव्हा उतेकर त्यांच्यासमोर जाऊन नुसते उभे राहिले. अर्ध्या तासात विहिरीभोवतीचं रान मोकळं झालं. माणसं लांब, बांधापलीकडे गेली. वनखात्याची शिडी आली, त्या लोकांनी ती हळूच आत सोडली आणि तेही दूर झाले. उतेकर मात्र मधल्या शेतात, गर्दीकडे तोंड आणि विहिरीकडे पाठ करून उभेच. कोणी मोबाइल वर केला की हातानं खाली करायला सांगायचे.

दुपार कलली. दोन तास काहीच झालं नाही. माझे पाय दुखायला लागले. आणि मग एकदम शिडी हलली. पिवळं अंग वर आलं, क्षणभर काठावर थांबलं, आणि तीन उड्यांत रानात गेलं. बांधापलीकडून एकच गलका उठला. सगळ्यांनी पाहिला. मी पाहिला.

उतेकर माझ्याकडे बघत होते. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं.

“गेला?”

“गेला.”

“लंगडत होता?”

“नाही.”

“मग झालं,” ते म्हणाले आणि शेतातच खाली बसले.

परतताना गाडी मी चालवत होतो. मला राहवलं नाही. “अहो, नुसती मान वळवायची होती,” मी म्हटलं. “आयुष्यभर ज्याच्यासाठी थांबलात तो दहा पावलांवर होता.”

पोलादपूर जवळ आलं तेव्हा ते समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत बोलू लागले.

“विमल सहा आठवडे दवाखान्यात होती. रोज माणसं बघायला यायची. वाडीची, खात्यातली, तिच्या माहेरची. चांगली माणसं, लांबनं यायची, शहाळी घेऊन यायची. खाटेभोवती उभी राहायची आणि बघायची. केस गेलेले, नळ्या लावलेल्या. ती भिंतीकडं तोंड करायची. मला कळत होतं, सर. जन्मभर मुकी जनावरं बघितली, मला नाय कळणार? पण मी एकालाबी बाहेर जा म्हटलं नाय. लोक काय म्हणतील म्हणून.”

मी गाडी हळू केली. पुढे ट्रक होता असंही नाही.

“आज म्हटलं,” उतेकर म्हणाले.

महाडला पोहोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. जिना चढून मी माझ्या दाराशी आलो. उतेकरांनी त्यांचं दार उघडलं. विमलताई गेल्यापासून ते कोणाशीही बोलायचं तर दार ओढून घेऊन बाहेर उभं राहूनच बोलायचे. त्या दिवशी त्यांनी ते पूर्ण उघडलं, आत गेले, आणि खुर्चीवरचा वर्तमानपत्रांचा गठ्ठा उचलून खाली ठेवताना मला दिसले. दुसरी खुर्ची कुठे दिसेना, तेव्हा आतून एक स्टूल आणलं. ते त्यांनी बाहीनं पुसलं.

“या सर, बसा,” ते म्हणाले. “आणि वहिनींनाबी हाक मारा.”