गॅलरीतील पिवळा दुपट्टा

गुढीपाडवा: सामाईक गॅलरीत काळ्यापांढऱ्या चौकटींची चादर. अक्षय्य तृतीया: लाल टेबलक्लॉथ. वटपौर्णिमा: हिरवा पडदा. तिन्ही वेळेस जबाबदार इसम एकच: आमचे शेजारी श्री. खरात, निवृत्त मालगाडीचालक.

गॅलरीत कपडे वाळत घालण्यास सोसायटीच्या उपविधींनुसार मनाई आहे. मी तसे लेखी कळवताच खरात दारात हजर.

"जोशीसाहेब, वाळत कुठे घातलंय? सुकंच आहे. नात बघतेय ते! घरात ट्यूबलाइटखाली रंग खोटा दिसतो."

त्यांची मुलगी बाळंतपणासाठी डोंबिवलीस माहेरी आली होती. नवजात बालकास उजेड, अंधार आणि ठळक रेघा तेवढ्या कळतात. पुढे लाल-हिरव्यातला फरक उमगतो, निळा-पिवळा त्याही नंतर. डॉक्टरीणबाईंनी सहज सांगितलेल्या या माहितीचे खरातांनी वेळापत्रक करून टाकले. नोकरीभर त्यांची रंगदृष्टी रेल्वेने पारखली होती. आता पारखण्याची पाळी त्यांची.

नामकरणाला खरातांच्या धाकट्या बहिणीने गुलाबी झबले आणले.

"अगं, गुलाबी कशाला? अजून लालसुद्धा लागला नाही तिला!"

"दादा, झबलं घालायचंय. गाडी नाही सोडायची."

ज्या दिवशी नात लाल कापडावरून नजर हलवीना, त्या दिवशी खरात जिन्यात ओरडले, "सिग्नल लागला!" खालच्या मजल्यावरची मंडळी आग लागली समजून बाहेर धावली. तीही तक्रार मी नोंदवली.

यथावकाश हिरवाही लागला. मग खरातांनी पिवळा दुपट्टा बांधला, आणि त्याच आठवड्यात जावई येऊन मायलेकींना आंबिवलीस घेऊन गेले. बाळंतपण उरकले होते. रीतीप्रमाणे ते योग्यच.

दुपट्टा मात्र दोरीवरच राहिला. मी हरकत घेतली. खरात प्रथमच हळू आवाजात बोलले.

"असू द्या. पिवळा लागताना मला बघायचं होतं तिला."

"आंबिवली काही परदेशात नाही. जाऊन या."

"लेकीच्या सासरी बोलावल्याशिवाय कसं जायचं, साहेब?"

हल्ली संध्याकाळी ते दुपट्ट्यासमोर खुर्ची टाकून बसतात. झडीने त्याची कड फिकी पडू लागली आहे.

सबब, सदर दुपट्ट्यास कोणीही हात लावण्यास माझी लेखी हरकत आहे. आणि आजतागायत खरातांना बोलावणे का आले नाही, याचा खुलासा जावईबापूंनी स्वतःच्या सहीनिशी आमच्या सूचनाफलकावर, सर्वांस वाचता येईल असा, लावावा.