जप्तीच्या वेळी होती तशी

कस्टमच्या त्या पत्राला ग्रंथपालांनी उत्तर दिलंच नव्हतं. ते निवृत्त होऊन जमाना झाला, तरी गल्ली त्यांना ग्रंथपालच म्हणे. पत्र एका ओळीचं : ‘तात्पुरते सोडलेले वाहन जप्तीच्या वेळी होते त्याच स्थितीत मिळाले, असे कळवावे.’

कळवावे! काय कळवावे, कपाळ?

ती परदेशी गाडी मेहुण्याने स्वस्तात मिळवून दिली होती. आधीच्या मालकाने तिची आयात जकात बुडवली होती, हे नंतर कळलं. गाडी जप्त! निकाल लागेपर्यंत ती वापरायला मिळावी म्हणून ग्रंथपालांनी हमीपत्र लिहून दिलं : विकणार नाही, बदलणार नाही, बोलवाल तेव्हा जप्तीच्या वेळी होती तशी हजर करीन. गाडी घरी आली, आणि त्यांनी मीटर पाहिला. पंचनाम्यातल्या आकड्यापेक्षा आठशे किलोमीटर जास्त! कस्टमच्या कुलूपबंद आवारात उभ्या उभ्या गाडीने एवढी मजल मारली होती.

“जाऊन विचारा की त्यांना!” बायको म्हणाली. तिची बहीण अंथरुणाला खिळली होती. भेटायला जायचं, तर गुडघ्यांमुळे बसची पायरी चढवत नव्हती.

“सरकारला चोर म्हणू? आणि माझंच वाचण्यात चुकलं असेल तर?”

“मग ताईकडे तरी चला.”

“आकडा आणखी वाढवू?”

“अहो, गाडी सोडवून आणलीत की जावई? नुसती पांघरूण घालून बसवलीय!”

तेवढ्यात मेहुण्याने अक्कल पाजळली. “भाऊजी, उलटी चालवा! जुना मीटर आहे, आकडा उतरेल!”

ग्रंथपाल अंगणात उलटे फिरू लागले. पहिल्या फेरीत शेजारणीची कपडे वाळत घालायची दोरी गेली. दुसऱ्या फेरीत शेजाऱ्यांचं फाटक गेलं, आणि बंपर पडक्या दातासारखा लोंबू लागला. तेवढ्यात बायको पिशवी घेऊन मागे येऊन बसली. “उलटं तर उलटं, ताईच्या दारात न्या!”

नेमके तेव्हाच कस्टमचे इन्स्पेक्टर तपासणीला आले. “थांबा! काय चाललंय हे?”

“साहेब... आकडा उतरवतोय,” ग्रंथपाल पुटपुटले. “आठशे.”

इन्स्पेक्टरांनी टपावरचा शेजारणीचा परकर पाहिला आणि त्यांना दया आली. “असा नाही हो उतरत, आजोबा.”

“तुम्हाला कसं ठाऊक?”

“आम्ही दोन दिवस उलटी—” साहेबांनी जीभ चावली.

“दोन दिवस काय केलंत, साहेब?” बायकोने खिडकीतून मान बाहेर काढली.

“आमच्या मोठ्या साहेबांच्या मुलाला... गाडी शिकायची होती.”

“शिकला का?”

“नाही.”

“बरं. तुमच्या आठशेत माझ्या ताईकडे जायचे चाळीस खपतील ना?”

साहेबांनी स्वतः पडलेलं फाटक उचलून बाजूला धरलं.

गाडी त्या दिवशी पहिल्यांदाच पुढच्या दिशेने निघाली. वाटेत टपालपेटीपाशी थांबून ग्रंथपालांनी उत्तर लिहिलं, दोनदा खोडलं, अखेर पेटीत टाकलं : ‘वाहन मिळाले. जप्तीच्या वेळी होते त्यापेक्षा बरेच जग पाहून आले आहे. बंपर मात्र मी मोडला. त्याचे श्रेय आपण घेऊ नये.’