बावन्न मिनिटं

शनिवारी दुपारी दीड वाजता नीटनेटक्यांनी टीव्हीमागच्या वायरी आवरायला घेतल्या, आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

नीटनेटके हे त्यांचं आडनाव नव्हे. ते नोंदणी कार्यालयात हेडक्लार्क. तिथल्या कपाटातल्या फायली त्यांनी एकदा उंचीप्रमाणे लावल्या, तेव्हापासून हे नाव चिकटलं. (त्यातली एक फाइल अजून सापडलेली नाही.)

खरं तर तक्रारीला जागा नव्हती. इंटरनेट, फोन, टीव्ही, सगळं एकाच कंपनीचं, बाहेरून एकाच बारीक वायरीतून घरात यायचं आणि दोन वर्षांत एकदाही रुसलं नव्हतं. पण मोडेममागचं जंजाळ नीटनेटक्यांना बघवेना. त्यात चार वाजता बायकोची मुलाखत. ती कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिक्षिका होती आणि मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी निवड समिती तिला व्हिडिओवर प्रश्न विचारणार होती. मागे असा गुंता दिसला तर समितीला काय वाटेल? (लॅपटॉपच्या कॅमेऱ्याचं तोंड समोरच्या भिंतीकडे होतं, ही गोष्ट वेगळी.)

त्यांनी सगळ्या वायरी उपसल्या, पुसल्या, एकेकीची घट्ट गुंडाळी करून प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळल्या आणि परत खोचल्या. जितकी भोकं तितक्याच पिना, म्हणजे चुकायचा प्रश्नच नव्हता.

टीव्हीवर 'सिग्नल नाही' अशी पाटी आली. फोन कानाला लावला तर मुका. मोडेमवर लाल दिवा डोळे मिचकावत होता.

"अहो, काय केलंत?" बायको आतून धावत आली.

"आवरलं," नीटनेटके म्हणाले.

"आज? आजच?"

घरात मोबाइलला बोलण्यापुरती रेंज यायची, व्हिडिओपुरती नाही. नीटनेटक्यांनी बाह्या सरसावल्या आणि पिना पुन्हा उलटसुलट खोचायला सुरुवात केली. बायकोचा चेहरा पांढरा पडत चालला. तेवढ्यात त्यांच्याकडेच राहणाऱ्या सासूबाई खुर्चीतून उठल्या. त्यांनी तीस वर्षं शिवणाचा क्लास चालवला होता, आणि त्या घरात आवाज न चढवता हुकूम सोडणाऱ्या त्या एकट्याच.

"जावईबापू, हात बाजूला," असं म्हणून त्यांनी आपल्या मोबाइलवरून कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला.

पंधरा मिनिटं गाणं वाजलं, मग एक खोकणारा तरुण बोलायला लागला.

"आधी पाणी पी बाळा," सासूबाई म्हणाल्या. "मी थांबते."

तो खरोखर पाणी पिऊन आला. मग म्हणाला, "आजी, लाल दिवा म्हणजे बाहेरून येणारी बारीक वायर कुठेतरी दुमडली असणार. तिच्यात काच असते. ती आवळून बांधायची नसते. कुणी बांधली?"

"बांधली एकाने," सासूबाई जावयाकडे न बघता म्हणाल्या. त्यांनी शिवणाची कात्री मागवली, पट्टी अलगद कापली आणि गुंडाळी सैल केली. लाल दिवा विझला, हिरवा लागला. नीटनेटक्यांनी टाळी वाजवली.

"आता फोनची वायर बघा, आजी. ती इंटरनेटच्या भोकातही बसते, पण चालत नाही."

सासूबाईंनी डोळे मिटून बोटांनी दोन्ही पिना चाचपल्या. "एक जाड, एक नाजूक," त्या पुटपुटल्या, नाजूक तिच्या लहान भोकात नेली आणि बाहेर अर्धवट अडकलेली जाड तिच्या जागी बसवली. फोन गुणगुणायला लागला, टीव्हीवर चित्र आलं. चाळीस मिनिटांत, जागच्या जागी, एकही गाठ न मारता! नीटनेटके थक्क झाले. आपल्या सासूबाई कंपनीतच असायला हव्या होत्या, असं त्यांना मनापासून वाटलं.

चारला पाच कमी होते. "पण ही जाड वायर जरा सैल वाटते," म्हणत नीटनेटक्यांनी पुन्हा हात पुढे केला.

सासूबाई फोनवर हळू आवाजात काहीतरी बोलल्या, ऐकलं, हसू आवरलं आणि भिंतीतून आलेली एक काळी वायर जावयाच्या हातात दिली.

"ही धरा. टेबलाखाली बसा. मुलाखत होईपर्यंत सोडायची नाही, हलवायची नाही. सगळं हिच्यावर आहे."

नीटनेटके टेबलाखाली शिरले. दहा मिनिटांत एक पाय बधिर झाला, विसाव्या मिनिटाला दुसरा. नाकावरून मुंगी चालत गेली, तिला त्यांनी जाऊ दिलं. वर बायको बोलत होती. इतकं शांत आणि ठाम बोलताना त्यांनी तिला कधी ऐकलंच नव्हतं. (घरात बोलायची पाळी तिच्यावर क्वचितच येई.)

"एखादं मूल चिडलं, काही समजून घेईना, सगळं उचकटायला लागलं तर काय करता?" समितीने विचारलं.

"आधी त्याच्या हातात काहीतरी काम देते," ती म्हणाली. "महत्त्वाचं आहे असं सांगून. हात गुंतले की मूल आपोआप शांत होतं."

काय उत्तर दिलं! नीटनेटक्यांचा ऊर भरून आला आणि त्यांनी वायर आणखी घट्ट धरली.

बायकोला ती जागा मिळाली. सोमवारी तसा निरोप आला. संध्याकाळी घरातला फोन वाजला तो नीटनेटक्यांनीच उचलला.

"आजी आहेत का? मी मदत केंद्रातून. खोकला गेला, एवढं सांगायचं होतं."

"त्या फिरायला गेल्यात. मी त्यांचा जावई."

"अरे वा! म्हणजे काळी वायर धरणारे तुम्हीच का, सर?"

"हो," नीटनेटके अभिमानाने म्हणाले. "एक क्षण सोडली नाही."

"सर, रागावू नका. ती वायर जुन्या अँटेनाची. कशालाच जोडलेली नाही. घरात दुरुस्ती करणारं माणूस असलं की आम्ही असं काहीतरी धरायला देतो, म्हणजे बाकीचं सलामत राहतं. पण लोक पाच-दहा मिनिटांत कंटाळतात. आजी म्हणाल्या, तुम्ही पन्नास मिनिटं धरलीत! इथे सगळे तुमचं कौतुक करतात."

नीटनेटक्यांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. मग त्यांनी घसा साफ केला.

"पन्नास नाही," ते म्हणाले. "नोंद करताय तर नीट करा. बावन्न."