परसातली पाव तासाची परवानगी

बदकांचा अर्ज मंजूर झाला आणि माझ्या बायकोला, मरून सात महिने झाल्यावर, रोज संध्याकाळी पाव तास परसात यायची परवानगी मिळाली. अर्जावर पाचही बदकांच्या पायांचे ठसे होते. ग्रामसेवक कुंभोजकरांनी स्वतः तळ्यावर जाऊन ते पडताळून पाहिले होते.

कारण रास्तच होतं. कोंबड्या दिवेलागणीला आपल्या आपण खुराड्यात येतात. बदकांना बोलवून आणावं लागतं, आणि ती सवयीच्या आवाजालाच येतात. आमच्याकडे तो आवाज हौसाचा. ती गेल्यापासून मी रोज तळ्यावर घसा फोडत होतो. एकदा तर तिचं लुगडं नेसून गेलो. बदकांनी ढुंकून पाहिलं नाही, गावानं मात्र मन भरून पाहिलं. त्यातच तळ्याकाठी कोल्हा फिरायला लागला होता.

आदेश घ्यायला मीच गेलो.

"ह्यात माझं नाव न्हाई," मी म्हणालो.

"तुम्ही अर्जदार न्हाईसा, बाबासो," कुंभोजकर म्हणाले. "मयतानं फक्त अर्जदारांशी बोलायचं. घरात पाऊल टाकायचं न्हाई."

"मी नवरा हाय तिचा. चाळीस वर्सं."

"मग अर्ज का न्हाई केलासा?"

असा अर्ज करता येतो हेच मला ठाऊक नव्हतं. बदकांना कसं सुचलं कोण जाणे. मी लगेच कागद मागितला, पण एका मयतामागे एकच अर्ज घेतात म्हणे.

त्या संध्याकाळी हौसा आली. पदर खोचून परसात उभी राहिली आणि तळ्याकडे तोंड करून ओरडली, "या गं बायांनो, या!" बदकं रांगेनं आली. मी मागच्या दारातून म्हणालो, "हौसा." तिनं वर पाहिलं नाही. नियमाची ती पहिल्यापासून पक्की. जिवंतपणीही मला याचाच राग यायचा.

बदकांशी मात्र ती भरभरून बोलायची. "कोंडा भिजवून देत्यात न्हवं? आन् ह्यास्नी रातच्याला झोप लागती का गं?" बदकं माना हलवायची. काय चुगल्या करत होती देव जाणे. मला त्यांचा हेवा वाटायचा, आणि तिची इतकी आठवण यायची की ती समोर असतानाच डोळे भरून यायचे.

अकरा संध्याकाळी असंच चाललं. बाराव्या दिवशी मी उन्हं कलायच्या आधी तळ्यावर गेलो. चपला काठावर काढल्या आणि कमरेइतक्या पाण्यात बदकांमध्ये जाऊन बसलो. त्यांनी जागा करून दिली.

हाक आली तशी आम्ही निघालो. मी रांगेत शेवटचा. बांधावर शेजारचा सदाशिव भेटला.

"बाबासो, कुठं?"

"घरी," मी म्हणालो.

हौसा खुराड्यापाशी एकेकीच्या पाठीवर हात ठेवून मोजत होती. पाचपर्यंत आली आणि थांबली. आदेश तिला पाठ होता. मग तिनं माझ्या ओल्या पाठीवर हात ठेवला.

"सहा," ती म्हणाली. "किती उशीर केलास गं बाई. वाक, डोस्कं आपटंल."

मी वाकून आत गेलो. बदकं पेंढ्यावर सरकून बसली. तिनं बाहेरून कडी लावली.